कंबर अठ्ठावीस

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरच्या चपलांच्या दुकानाची पाटीच गायब झाली होती. तिच्यावरचा दिवा तेवढा हवेत लटकल्यासारखा दिसत होता. टेपताईचं आणि धुक्याचं कधी पटलं नाही. माणसाला सर्दी झाली तर तो निदान शिंकून सांगतो. कापडाला झाली तर ते गप बसतं आणि ऐन शिवणीत दगा देतं, असं तिचं म्हणणं. ओलसर कापडावर खडू उठत नाही, मशीनचा पट्टा सैल पडतो, आणि काल सरळसोट कापलेली पट्टी सकाळी बघावी तर तोंड वाकडं करून बसलेली.

म्हणून साडेसातला शटर वर गेलं की पहिलं काम इस्त्री तापवायचं. ते काम नवऱ्याचं. त्यानं तीस वर्षं बस चालवली होती आणि आता दुकानाच्या मागच्या अंगाला उभा राहून इस्त्री चालवत होता. "दोन्ही एकच. फक्त हिच्यात बसायला मिळत नाही आणि कुणी घंटी मारत नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. विद्यापीठाची पोरं त्याला इस्त्रीकाका म्हणत. टेपताईला टेपताई म्हणत, कारण तिच्या गळ्यात टेप नाही असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. तिचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि परवाना दोऱ्याच्या रिळांच्या फळीमागे गेला होता. तो काढायचा तर साडेतीनशे रिळं हलवावी लागली असती, त्यामुळे नाव आपलं तिथेच सुखात होतं.

दुकान म्हणजे बारा बाय आठची खोली. एक पायमशीन, एक मोटरचं मशीन, कोपरा काळा पडलेला उभा आरसा, कपडे बदलायला दांडीवर सोडलेला पडदा, आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, ज्याचा एक पाय आखूड होता. विद्यापीठाचं मागचं दार तिथून दीडशे पावलांवर. त्यामुळे पोरापोरींचा राबता. कुणाची पँट आखूड करायची, कुणाची चेन गेलेली, कुणाला मुलाखतीसाठी उद्याच्या उद्या कोट घट्ट करून हवा.

या पोरांची नावं टेपताई लिहीत नसे. कुठकुठल्या देशांतून आलेली, एकेकाचं नाव ऐकतानाच दमायला व्हायचं, लिहिणार कोण? मग तिनं आपली एक रीत पाडली होती. मापाच्या वहीत ती माणसाला त्याच्या अंगावरून नाव द्यायची. 'डावा खांदा खाली.' 'मान नाही.' 'पोटऱ्या दणकट.' एका प्राध्यापकांच्या नावापुढे, म्हणजे नावाऐवजी, 'पुढे तबला' असं होतं. नावाखाली तारीख, तारखेपुढे मापं. वही उलटी वाचायचा प्रयत्न पोरं करायची आणि ती पंज्यानं झाकायची. "गल्लीची अब्रू आहे यात," म्हणायची.

त्या सकाळी पायमशीनला तेल घालून ती पट्टा चढवत होती, तेवढ्यात धुक्यातून एक उंच सावली पायरीवर आली आणि आत यायच्या आधीच म्हणाली, "क्षमा करा, मी फार लवकर आले आहे का?"

वहीतली 'लांबपाय'. पुलांचं शिकायला दूरच्या देशातून आलेली एकवीस वर्षांची पोरगी. नदीकाठच्या पाहणीला जाड कापडाची पँट लागते आणि तिच्या पायांच्या लांबीची पँट या गावातल्या एका दुकानात मिळेल तर शपथ. म्हणून दोन महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा टेपताईकडे आली होती. इथली भाषा ती पुस्तकातून शिकलेली. तिचं बोलणं म्हणजे परीटघडीचं, एक सुरकुती नाही.

"ये की. लवकर काय, शटर वर म्हणजे दुकान चालू," टेपताई म्हणाली. "काय झालं आता?"

पोरीनं स्वेटर वर केला. पँटची कंबर तिनं मुठीत धरली होती. मूठ सोडली तशी पँट घसरली, आणि ती सेफ्टीपिननं आतल्या बनियनला टाचून ठेवलेली दिसली.

टेपताईच्या हातातला पट्टा तसाच राहिला.

आता यात नवल काय, असं कुणालाही वाटेल. पँट सैल झाली, घट्ट करावी. पण टेपताईचं दुखणं वेगळं होतं. ही पँट तिनं एकदा घट्ट करून दिली होती. पहिल्यांदा माप घेतलं तेव्हा कंबर भरली एकतीस. पँट झाली, तीन आठवड्यांपूर्वी पोरगी न्यायला आली, घातली, तर दोन बोटं सैल. सत्तावीस वर्षांत टेपताईचं कंबरेचं माप चुकलं नव्हतं. बाह्या चुकल्या असतील, एकदा एका नवरदेवाच्या कोटाची दोन्ही बटणं एकाच बाजूला लागली होती, ते ती हसत सांगायची. पण कंबर कधी नाही. ती पुन्हा मोजली तर साडेएकोणतीस. तिनं डोक्याला हात लावला.

आणि मग तिला वाटलं, टेप ताणला गेला असणार. कापडी टेप वापरून वापरून ताणतो, त्यात ओल धरतो, हे कुठलाही शिंपी सांगेल. ताणलेला टेप माप कमी दाखवतो. पहिलं माप खरं असणार, दुसरं टेपाचं पाप. पण मग पँट सैल कशी? याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, आणि उत्तर नसलं की ती आवाज चढवायची. तीन दिवस नवऱ्याशी भांडली. तुम्हीच टेपावर गरम इस्त्री ठेवली असणार म्हणाली. तो म्हणाला, "अगं, मी बस चालवताना कुत्रं चिरडलं नाही कधी, तुझा टेप कशाला चिरडू?" शेवटी तिनं जुना टेप कात्रीनं तीन तुकडे करून टाकला, नवा आणला, पँटची कंबर उसवून साडेएकोणतीसला बसवून दिली आणि पोरीची चक्क माफी मागितली. "टेपानं घात केला गं माझा."

पोरगी त्यावर नुसती लाजून हसली होती. "काही हरकत नाही," म्हणाली होती. मोठ्या माणसाला तुमचं चुकतंय म्हणायचं नाही, अशा घरातली.

आणि आज पुन्हा ही सेफ्टीपिन.

"उभी राहा," टेपताई म्हणाली. नवा टेप गळ्यातून काढून कंबरेभोवती घातला. बोटाखालचा आकडा पाहिला. काढला. पुन्हा घातला.

अठ्ठावीस.

"अहो," तिनं हाक मारली. "इकडे या. शर्ट वर करा."

"सकाळी सकाळी? पोरीसमोर?"

"करा म्हणते ना."

नवऱ्यानं इस्त्री उभी करून ठेवली आणि पुढे येऊन शर्ट वर केला. टेपताईनं त्याच्या पोटाला टेप वेढला. चाळीस. गेली अकरा वर्षं चाळीस. उपास केला तरी चाळीस, लग्नाची जेवणं झाली तरी चाळीस. गावातल्या घड्याळावर भरवसा नव्हता एवढा टेपताईचा त्या पोटावर होता.

"टेप बरोबर आहे," वहीत 'लांबपाय'खाली आजची तारीख घालून अठ्ठावीस लिहीत ती हळूच म्हणाली.

"मग कशानं चूक होते?" नवऱ्यानं शर्ट खाली ओढत विचारलं.

"चूक नाहीच झाली. आधीही नव्हती झाली." तिनं पोरीकडे पाहिलं, आणि बहुधा पहिल्यांदाच मापाखेरीज नीट पाहिलं. गालाची हाडं वर आलेली. ओठ सुकलेले. डोळ्यांखाली कोळसा ओढल्यासारखा. "तीन इंच. दोन महिन्यांत तीन इंच गेलीस तू. जेवत नाहीस का?"

"जेवते. खूप जेवते," पोरगी म्हणाली. "खोलीतल्या मुली माझी थट्टा करतात, एवढं खाऊन मी बारीक कशी होते म्हणून. त्यांना हेवा वाटतो." मग जरा थांबून, "मला थोडं पाणी मिळू शकेल का?"

टेपताईनं जग पुढे केला. पोरीनं एक पेला प्यायला, दुसरा प्यायला, तिसरा ओतला. तो संपवून अगदी अवघडून विचारलं, "आणि आपल्याकडे स्वच्छतागृह आहे का? मी येताना जाऊन आले होते. तरीही."

ती मागे गेली तसा नवरा कुजबुजला, "मागच्या खेपेलाही जग हिनंच रिकामा केला होता. मला वाटलं, तू मीठ घातलंस काय पाण्यात."

"तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू टेपावरून माझ्या अंगावर धावून आली होतीस. मी पाण्यावरून बोलू?"

टेपताईला डॉक्टरकी येत नव्हती. पण कापड धुतल्यावर आटतं ते एकदा आटतं. प्रत्येक धुण्याला आटायला लागलं तर सुतातच काहीतरी बिघडलंय, एवढं तिला कळत होतं. तीन आठवडे. तीन आठवडे ती टेपाशी भांडत बसली होती.

पोरगी परत आली तशी तिनं तिला स्टुलावर बसवलं आणि सरळ विचारलं, "डॉक्टरला दाखवलंस?"

पोरीनं मान खाली घातली. मग खिशातून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर सुवाच्य अक्षरात वाक्यं लिहिली होती. 'नमस्कार. मी नवीन विद्यार्थिनी आहे. मला डॉक्टरांची भेट हवी आहे.' त्याखाली तिचा क्रमांक, जन्मतारीख, आणि 'कृपया जरा सावकाश बोलाल का?'

"आरोग्य केंद्रात आठ वाजता फोन लावायचा असतो," ती म्हणाली. "आठ वाजून दहा मिनिटांनी त्या दिवसाच्या सगळ्या वेळा संपतात. मी तीनदा लावला. पहिल्यांदा एक यंत्र बोलतं. यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन. मला समजेपर्यंत ते पहिल्यापासून सुरू होतं. एकदा माणूस आलं. ते फार भरभर बोललं. मी ठेवून दिला."

"फोन ठेवलास?"

"मला वाटलं, माझ्यामुळे रांगेतल्या खऱ्या आजारी माणसांचा वेळ जातोय."

टेपताईनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. आठला वीस कमी. "बरं. आता लाव. त्याआधी तालीम करू. मी तिथली बाई. अहो, तुम्ही यंत्र व्हा."

नवरा खुलला. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या घंट्या ऐकल्या होत्या. आता त्याला आवाज मिळाला. इस्त्री फिरवत तो नाकातून बोलायला लागला, "आपलं स्वागत आहे. सर्दीसाठी एक दाबा. पडशासाठी दोन दाबा. सर्दी आणि पडशात फरक कळत नसल्यास तीन दाबा. बायकोनं पिडलं असल्यास फोन ठेवा, आमच्याकडे इलाज नाही."

पोरगी हसली. हसताना तिला धाप लागली, ते टेपताईनं पाहिलं.

"हां, बोला, काय होतंय?" टेपताईनं कमरेवर हात ठेवून खेकसून विचारलं.

"नमस्कार. मला... थोडासा थकवा वाटतो. विशेष काही नाही."

"विशेष काही नाही, तर मग मला कशाला सांगतेस? असं नाही बोलायचं पोरी. तीन इंच गेले म्हण. जग जग पाणी पिते म्हण."

"परक्या माणसाला एकदम असं कसं सांगायचं?" पोरगी खरोखरच गोंधळली होती. "आमच्याकडे आधी सगळं ठीक आहे म्हणतात. मग समोरचा पुन्हा विचारतो. मग सांगतात."

"इथं पुन्हा कुणी विचारत नाही. इथं पुढचा नंबर बोलवतात."

आठला पोरीनं फोन लावला. यंत्र बोललं. टेपताई आणि नवरा दोघंही श्वास रोखून तिच्या अंगठ्याकडे बघत राहिले. तिनं बरोबर आकडा दाबला. बाराव्या मिनिटाला माणूस आलं. पोरीनं कागद वाचल्यासारखं सगळं बिनचूक म्हटलं, सावकाश बोलायला सांगितलं, क्रमांक सांगितला. पलीकडून कारण विचारलं असावं. पोरीनं टेपताईकडे पाहिलं, ओठ ओले केले आणि म्हणाली, "थोडासा थकवा. विशेष काही नाही."

टेपताईनं कपाळावर हात मारून घेतला.

पण फोन ठेवल्यावर पोरीचा चेहरा असा उजळला होता की रागवायचं कसं? "मिळाली! माझी पहिली भेट मिळाली. मी स्वतः घेतली. आजपासून एकोणिसाव्या दिवशी, सकाळी सव्वादहा."

"एकोणिसाव्या," टेपताई म्हणाली.

"हो. आता माझी चिंता मिटली. पँट मी संध्याकाळी आणून देऊ का? आता तास आहे." ती उठली, पिशवी खांद्याला लावली, पायरीवरून एक पाय खाली टाकला आणि दाराची चौकट धरून हळूहळू पायरीवरच बसली. "काही नाही," ती म्हणाली. "असं रोज होतं. मिनिटभर बसलं की बरं वाटतं."

टेपताईनं मशीनवरून दुसरं कापड उचललं होतं, ते तसंच खाली ठेवलं. मापाची वही काखेत मारली. "अहो, दुकान बघा."

"मला काज करता येत नाही, चेन लावता येत नाही. मी काय बघू?"

"येणाऱ्याला बसवून ठेवा. आख्खं आयुष्य माणसं बसवूनच नेलीत ना?"

आरोग्य केंद्र विद्यापीठाच्या पलीकडच्या टोकाला. एरवी टेपताई ते अंतर दहा मिनिटांत कापायची. त्या दिवशी पंचवीस लागली. पोरगी दोन कट्ट्यांवर बसली आणि एका नळावर पाणी प्याली. धुक्यातून सायकलींच्या घंटा नुसत्या ऐकू येत होत्या. वाटेत पोरीनं एकदाच विचारलं, "टेपताई, मी आजारी आहे असं लिहिलं गेलं तर मला परत पाठवतील का? माझं शिक्षण शिष्यवृत्तीवर आहे. माझ्या गावातून पहिलीच मी."

हे होतं तर. यंत्र नाही, भरभर बोलणं नाही. फोन खाली ठेवणारा हात या भीतीचा होता.

"कोण पाठवतो बघू," टेपताई म्हणाली, पण तिलाही ते ठाऊक नव्हतं.

केंद्रात काचेमागे एक बाई बसली होती, काचेला अर्धचंद्रासारखं भोक. बाकांवर पंधरा-वीस पोरं खोकत, मोबाइलवर अंगठे फिरवत बसलेली. टेपताईनं भोकाला तोंड लावलं.

"हिला आत्ता बघायला पाहिजे."

"वेळ घेतलीय?"

"घेतलीय. एकोणीस दिवसांनंतरची."

"मग एकोणीस दिवसांनी या." बाई तुसडेपणानं नाही, नेमानं म्हणाली. दिवसातून चाळीसदा म्हणावं लागत असणार. तरी तिनं पोरीकडे बघून विचारलं, "आज काही विशेष त्रास?"

"नाही, विशेष काही..." पोरगी सुरू झाली.

"तू गप गं," टेपताई म्हणाली.

"तुम्ही हिच्या कोण?" बाईनं विचारलं.

"टेलर."

"नातं विचारतेय मी."

"तेच सांगते. मापाचं नातं." आणि तिनं ती वही, जी सत्तावीस वर्षांत कुणाला सरळ वाचू दिली नव्हती, उघडून भोकातून आत सारली. वही जाडजूड, भोक लहान. अर्धी आत, अर्धी बाहेर अशी अडकली, ती बाईनं ओढून आत घेतली. "तिथं बघा. 'लांबपाय'. तारखा बघा."

काचेमागच्या बाईला आधी हसू आलं. बोट 'लांबपाय'वरून खाली सरकलं. एकतीस. साडेएकोणतीस. त्यापुढे टेपताईनं रागानं लिहिलेलं 'टेप बाद', आणि शेवटी आजची तारीख: अठ्ठावीस. बाईचं बोट तिथं थांबलं. तिनं काचेतून पोरीचा चेहरा पाहिला, मग उठून मागचं दार उघडलं आणि आत कुणाला तरी हाक मारली.

बाहेर आली ती नर्स. ठेंगणी, रुंद, अंबाड्यात पेन खोचलेलं. ती वही वाचत वाचतच चालत आली आणि पोरीसमोर उभी राहून एकामागून एक विचारत गेली. पाणी किती पितेस? रात्री किती वेळा उठतेस? फळ्यावरचं नीट दिसतं का? आणि गंमत म्हणजे नर्सनं प्रत्येक प्रश्न दोनदा विचारला. पोरीचं 'तसं ठीक आहे' ऐकून घ्यायची आणि मान तिरकी करून पुन्हा तोच प्रश्न टाकायची. मग पोरगी खरं सांगायची. चार-पाच बाटल्या. रात्री सहादा. फळा दोन आठवडे पुसट दिसतोय, चष्मा लागला असेल असं वाटलं.

"आत चल," नर्स म्हणाली. "तुम्हीही या, टेलरबाई."

आत पोरीच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब एका छोट्या यंत्राच्या पट्टीवर घेतला. टेपताईनं आयुष्यात हजारदा स्वतःच्या बोटात सुई घालून घेतली होती, कधी डोळा मिटला नव्हता. तो तिथं मिटला. उघडला तेव्हा नर्स यंत्राकडे बघत होती. तिचा चेहरा जराही हलला नाही. फक्त तिनं बसल्या जागेवरून फोन ओढला आणि डॉक्टरांना बोलवून घेतलं, आणि दुसऱ्या हातानं पोरीला कॉटवर आडवं व्हायची खूण केली.

साखर. मापात मावणार नाही एवढी. डॉक्टर आले, दोन मिनिटांत सांगून मोकळे झाले: अंगात साखर जिरवायचा जो रस तयार व्हायला हवा तो हिच्या अंगात होत नाही, आता तो रोज सुईनं बाहेरून द्यावा लागेल. आत्ता मोठ्या इस्पितळात न्यायचं. गाडी येतेय. वेळेत आलात.

"एकोणीस दिवसांनी आलो असतो तर?" टेपताईनं विचारलं.

डॉक्टर इस्पितळासाठीची चिठ्ठी लिहायला लागले. "आज आलात ना," एवढंच म्हणाले.

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला परत पाठवतील का?"

नर्सनं तिच्या हातावर पट्टी बांधता बांधता म्हटलं, "साखरेपायी? मग अर्धं विद्यापीठ ओस पडेल, आणि मला पहिली गाडी धरावी लागेल. मी अकरा वर्षं टोचून घेतेय." तिनं सरळ बाहीचं बटण काढून दंडावरचे बारीक ठिपके दाखवले. "इथं काय लिहिलं जातं ते इथंच राहतं. पुढच्या खेपेला फोनवर थकवा-बिकवा म्हणायचं नाही. आकडा सांगायचा. काय?"

"आकडा सांगायचा," पोरगी म्हणाली.

गाडी येईपर्यंत नर्सनं वहीचं ते पान मागितलं. टेपताईनं वही छातीशी धरली. "पान फाडायचं नाही. मागच्या बाजूला तुमच्या कुलसचिवांचं पोट आहे." शेवटी नर्सनं ते आकडे आपल्या कागदावर उतरवून घेतले, तारखांसकट. निघताना टेपताईच्या तोंडून निघून गेलं, "मला तीन आठवड्यांपूर्वीच कळायला हवं होतं. मी टेपाला दोष देत बसले."

"हिच्या खोलीत तिघी झोपतात," नर्स म्हणाली. "त्यांना कळलं नाही. विचारा हिला, त्या काय म्हणायच्या."

"'किती छान बारीक झालीस,'" कॉटवरून पोरगी म्हणाली.

चौथ्या दिवशी टेपताई इस्पितळात गेली. पोरगी गादीवर मांडी घालून बसली होती आणि एका संत्र्याला सुई टोचायचा सराव करत होती. ओठ ओले दिसत होते. डोळ्यांखालचा कोळसा पुसला गेला होता. टेपताईनं तिची सुई धरायची पद्धत पाहिली आणि न राहवून तिचं मनगट सरळ केलं. "अशी. घाबरत घातली की दुखते. एका दमात घालायची."

"नर्सबाई पण हेच म्हणाल्या."

"म्हणणारच. सुईचं काम आमचं दोघींचं."

तेवढ्यात पोरीचा मोबाइल वाजला. तिची आई. पोरगी आपल्या भाषेत काहीतरी बोलली आणि एकदम मोबाइल टेपताईच्या कानाला लावला. पलीकडून आईचा आवाज येत राहिला, भरभर, मधूनच घोगरा. टेपताईला एक अक्षर कळलं नाही. ती आपल्या भाषेत म्हणाली, "हो हो, आता बरी आहे. खाल्लं तिनं. रंग आलाय चेहऱ्यावर. तुम्ही जेवून घ्या." पलीकडे पुन्हा बोलणं. "छे, त्यात काय, आपलीच पोरगी," टेपताई म्हणाली. असं सात-आठ मिनिटं चाललं. दोघींपैकी कुणीही थांबून काय म्हणालात असं विचारलं नाही. मोबाइल परत देताना टेपताईनं डोळे पदराला पुसले आणि पोरीला म्हणाली, "समजूतदार बाई आहे तुझी आई."

"ती काय म्हणाली ते सांगू?"

"नको. कळलं मला."

परवा घरी सोडणार होते. सोमवारपासून तास. पुलांच्या सरांनी निरोप पाठवला होता की पाहणी पुढच्या महिन्यात ढकलली आहे, घाई नको. पोरगी हे सगळं सांगत होती आणि सांगता सांगता दोनदा म्हणाली की भूक लागली; आणि ती भूक साधी होती, जेवणाच्या वेळेची.

टेपताई दुकानात परतली तेव्हा सकाळचं धुकं केव्हाच उडालं होतं. उन्हात चपलांच्या दुकानाची पाटी लख्ख दिसत होती. आत स्टुलावर एक गृहस्थ बसून होते, मांडीवर पँट, कपाळावर आठ्या. इस्त्रीकाका त्यांना बसच्या जमान्यातली कुठलीशी घाटातली गोष्ट सांगत होता. ती तिसऱ्यांदा सांगत असावा, कारण ऐकणाऱ्यानं मान हलवणं सोडून दिलं होतं.

"तासभर बसलोय," गृहस्थ म्हणाले. "तुमचे हे म्हणाले, आत्ता येईल. चेन अडकलीय. मला चारला लग्नाला जायचंय."

"अहो, अंगात दुसरी आहे ना, तीच घालून लग्नाला गेला असतात तरी चाललं असतं," टेपताई म्हणाली. "आणा इकडे."

"पोरगी कशी आहे?" नवऱ्यानं मागून विचारलं.

"भूक भूक करतेय."

"चांगलं," तो म्हणाला आणि इस्त्रीवर पाणी शिंपडलं. वाफेचा फुस्स आवाज झाला.

टेपताईनं पँट उलटी केली. चेनच्या दातांत अस्तराचा धागा गुंतला होता. वर मळ आणि मेणाचा थर, म्हणजे कुणीतरी घरी मेणबत्ती घासून बघितलेली. तिनं खिडकीकडे तोंड केलं, टाके काढायची उसवणी घेतली, चेनच्या उजव्या अंगाचा पहिला टाका उचलला आणि दोरा दातानं तोडून दुसऱ्याला हात घातला.